दवाने भिजलेला चवळीचा पाला

पाच डिसेंबर. चवळीचा पाला कापून आणला आणि शेळ्यांना घालण्याआधी अंगणात उन्हात पसरला. त्याचा कच्चा, ओला वास उठला आणि मी थेट पापडी गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत पोचले.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. गाभण शेळीचे लाड म्हणून मी सकाळीच, तिच्या रिकाम्या पोटी, असाच दवाने भिजलेला पाला तिला भाराभर खाऊ घातला. दुपारपर्यंत तिची डावी कूस फुगून टणक झाली आणि ती धापा टाकू लागली. आईने तिचे पुढचे पाय पायरीवर चढवले, गालातून थोडं थोडं गोडेतेल पाजलं आणि मला कूस चोळायला बसवलं.

"आई, ती मरेल का?"

"रडायला मागनं वेळ आहे गो. हात चालव."

केळीच्या पानांतून हिरवं ऊन पाझरत होतं. माझ्या तळव्यांखाली ते पोट वर येई, खाली जाई, आणि दुपार पुढे सरकतच नव्हती. मग शेळीने एक लांबलचक ढेकर दिला.

"घे, शिव्या दिल्या बघ तुला," आई हसली.

तेव्हा मला ते चोळणं शिक्षाच वाटलं होतं. आता कळतं, शेळी वाचेल की नाही हे आईलाही ठाऊक नव्हतं. शेळी गेलीच असती, तर आपण काहीच केलं नाही असं मला जन्मभर वाटू नये, म्हणून तिने मला कामाला लावलं होतं.

त्या दुपारनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेळीला आधी सुका पेंढा घातला, आणि पाल्यावरचं दव सुकेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले.