कोपऱ्यात एकच बंदूक

मोठ्या भावाकडे तीन बंदुका होत्या आणि मारायचे काहीच नव्हते.

आम्ही आकुर्डीला एका चाळीत राहत होतो. दादा दुचाकींच्या कारखान्यात, साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या टूलरूमला होता. मी पुण्याच्या एका दैनिकात इतरांच्या बातम्या दुरुस्त करत असे आणि त्याच्या खोलीत झोपायला येत असे. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, आम्हा दोघांचे सगळे करत असे आणि वर बंदुकांवरची धूळही पुसत असे. सत्तरच्या दशकाची अखेर होती. वीज सगळ्यांना पुरावी म्हणून कारखान्यांना भागवार वेगवेगळ्या दिवशी सुट्टी असे. आमच्या वाट्याला गुरुवार आला होता. बाकीचा देश रविवारी लोळत असे, आम्ही गुरुवारी लोळत असू. रविवारी पाहुणे आले की दादा हमखास कामावर असे. या व्यवस्थेबद्दल त्याने कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

बंदुका छऱ्याच्या होत्या. नळी मोडून खाली दाबली की आतली स्प्रिंग दबते. घोडा ओढला की ती सुटते, दट्ट्या हवा ढकलतो आणि वाटाण्याहून लहान छर्रा बाहेर पडतो. त्या बंदुकांनी दादाने कधी चिमणीसुद्धा मारली नव्हती. तो बंदूक घेऊन ओट्यावर आला तरी समोरच्या तारेवरचे कावळे जागा बदलण्याचे कष्ट घेत नसत. खंडेनवमीला मात्र तिन्ही बंदुका पाटावर मांडल्या जात आणि त्यांना हळदकुंकू, झेंडूचे फूल वाहिले जाई. आमच्या घराण्याचा युद्धाशी आलेला संबंध एवढाच, की पाकिस्तानच्या लढाईत आम्ही खिडक्यांना काळा कागद चिकटवला होता.

पहिली बंदूक जर्मन होती. पुण्याच्या जुन्या बाजारातला विक्रेता तसे म्हणाला होता, हा त्याचा पुरावा. तिच्यावरची अक्षरे पार झिजली होती, त्यामुळे त्याला खोटे पाडणे कठीण होते. दस्ता अक्रोडाचा, वजन जात्याच्या पाळीइतके. दुसरी देशी, कोरी, दुकानातून आणलेली. ती सरळ मारत असे, म्हणूनच बहुधा तिच्याबद्दल कोणी बोलत नसे. तिसरी दादाने स्वतः कारखान्यात केली होती. अशा कामाला तिथे ‘घरचं काम’ म्हणत. कोणी अडकित्ता करी, कोणी पुरणयंत्र. एका साहेबांच्या घरच्या देव्हाऱ्याचे पितळी खांब तिथल्याच लेथवर उतरले होते, म्हणून या प्रथेविरुद्ध कधी नोटीस लागली नाही. दादाच्या बंदुकीची नळी सायकलच्या सीटखालच्या पाइपातून गेटबाहेर आली. गेटवरचा पहारेकरी रोज डबा उघडून भाजी कसली आहे ते बघत असे. सायकलच्या पोटात बघण्याची त्याला सूचना नव्हती.

तिन्ही बंदुका दाराआडच्या कोपऱ्यात, परदेशी मशीनच्या खोक्याच्या फळ्यांपासून केलेल्या घोडीवर उभ्या असत. त्याच कोपऱ्यावर वहिनीचा डोळा होता. तिने शिवणाचा क्लास पुरा केला होता. तिचे शिलाईमशीन तिच्या भावाकडे खडकीला, गोधड्यांच्या गठ्ठ्याखाली वर्षभर पडून होते. चाळीतल्या बायका ब्लाउज शिवायला निगडीला जात आणि जाताना तिच्याच दारावरून जात.

एका संध्याकाळी ती म्हणाली, “अहो, मशीन येतंय. कोपरा लागेल.”

“बंदुका कुठे ठेवू?”

“एक ठेवा. मशीनच्या वर भिंतीला टांगा. बाकीच्या दोन देऊन टाका.”

“कुठली एक?”

“ते तुम्ही ठरवा. पुढच्या गुरुवारी भाऊ टेम्पोतून मशीन आणतोय. तोवर नाही ठरलं तर मी ठरवीन.”

ही धमकी खरी होती. वहिनीला तिघींत फरक फक्त पुसायला लागणाऱ्या वेळाचा वाटत असे, आणि त्या हिशेबात जर्मन बंदूक सगळ्यात मागे होती.

एकट्याने निर्णय घेण्याची सवय टूलरूममध्ये कोणाला नसते. दुसऱ्याच दिवशी आमच्या ओट्यावर समिती बसली. उजवीकडच्या बिऱ्हाडातला लातूरकडचा गडी पोलाद भट्टीत तापवून कडक करणाऱ्या खात्यात होता. डावीकडचा कोकणातला, मेंटेनन्सला. दोघांनी आयुष्यात नेम धरला नव्हता, पण त्यामुळे चर्चेत कुठे अडचण आली नाही. प्रत्येक बंदूक तोलून पाहिली गेली, नळीतून आकाश बघितले गेले, दस्त्यावर बोटाने टिचक्या मारून लाकूड ऐकले गेले. चहा दोनदा झाला.

वहिनी कपबशा उचलता उचलता म्हणाली, “मला बघायला आलात तेव्हा पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत ठरलं होतं.”

“अगं, तो माणसाचा प्रश्न होता,” दादा म्हणाला. “हे यंत्र आहे.”

समितीचा ठराव असा झाला, की गुरुवारी सकाळी रेल्वेलाइनपलीकडच्या माळावर चाचणी घ्यावी. डालड्याचा डबा ठेवावा, तिन्ही बंदुका सारख्या अंतरावरून चालवाव्यात, जी उत्तम ठरेल ती राहावी. इतका समंजस ठराव मी त्या काळात महापालिकेच्या बातम्यांतही वाचला नव्हता.

ठराव तिथेच थांबला असता तर पुढे सांगण्यासारखे काही नव्हते. पण चालणारी वस्तू चालते तशी सोडून देणे हे त्या कारखानी पट्ट्यातल्या माणसाला जमत नसे. दुरुस्तीला निमित्त म्हणून मशीन बंद पडायची वाट बघणारा कारागीर तिथे आळशी समजला जाई. चाचणी आहे म्हटल्यावर तयारी आलीच.

मेंटेनन्सवाल्याने जर्मन बंदूक कानाशी धरून नळी हळूच मोडली. “कोरडी वाजते मेली. बिचारीला तेल दाखवलंय का कोणी?” तो म्हणाला आणि दट्ट्याच्या भोकातून तेलाची कुपी बराच वेळ उलटी धरली. लातूरकर मागे कसा राहील? त्याने देशी बंदुकीची स्प्रिंग काढून घेतली. “मऊ हाय ओ ही. एकदा भट्टीतून काढून देतो, मंग बघा, डबा आरपार!” बुधवारी ती कंपनीच्या भट्टीतून निळसर चकाकत परत आली. दादाने दोन्ही कामे मान हलवत पाहिली. त्याला बरे वाटत होते. स्वतःच्या बंदुकीला मात्र कोणी हात लावला नाही. तीत सुधारणा सुचवणे म्हणजे दादाच्या हाताला नाव ठेवणे झाले असते, आणि शेजार बिघडवायची कोणाची इच्छा नव्हती. सभ्यतेमुळे एक बंदूक वाचली.

गुरुवारी माळावर आम्ही चौघे आणि चाळीचे मालक होतो. मालक जुने गावकरी. त्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली होती, उरलेल्या तुकड्यावर पेरूची झाडे होती आणि पेरूंवर पोपट. माळावर नळी रोखून उभी राहिलेली पोरे त्यांना आवडत नसत, म्हणून ते देखरेखीला आले होते.

“एवढी चार माणसं डबा मारायला?” त्यांनी विचारले. “डब्यानं काय केलंय?”

आधी देशी बंदूक. दादाने नळी दाबली, छर्रा घातला, नेम धरला, घोडा ओढला. आतून ठण्ण असा आवाज झाला. छर्रा नळीच्या तोंडाशी आला आणि दोन पावलांवर गवतात पडला. उघडून पाहिले तर स्प्रिंगचे तीन तुकडे झाले होते.

“कडकपणा आला की नाही?” मेंटेनन्सवाला म्हणाला.

लातूरकर तुकडे तळहातावर घेऊन उभा होता. “कडक झाली ओ. जरा जास्तच झाली.”

मग जर्मन. तिच्यात छर्रा घालताना दादाने सदऱ्याला हात पुसले. घोडा ओढल्यावर खरा बार झाला. हवा जोरात दाबली की तापते आणि त्यात तेल असेल तर ते पेटते, हे डिझेलच्या इंजिनावर पोट असलेल्या त्या भागात कोणालाही झोपेत सांगता आले असते. त्या सकाळी ते एकालाही आठवले नव्हते. नळीतून निळा धूर आला, दूरच्या रुळांवरून चाललेला एक माणूस खाली बसला. डबा होता तसाच उभा राहिला. दादाने दुसऱ्यांदा नळी दाबली तेव्हा ती काही न बोलता खाली आली आणि खालीच राहिली. दट्ट्यावरचे चामडे जळाले होते. आणखी काय काय गेले, ते कळायला मार्ग नव्हता.

मालक म्हणाले, “आता ही आवाज करनारी चांगली म्हनायची का न करनारी?”

दादाने तिसरी उचलली. तिचा पहिला छर्रा डब्याच्या डाव्या बाजूने गेला. दुसरा तिथूनच गेला. तिसऱ्या वेळी त्याने उजवीकडे वीतभर नेम धरला आणि डबा उडाला. लातूरकराने शिट्टी वाजवली. मेंटेनन्सवाल्याने दादाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “झालं की काम! तुझी तीच खरी. तीच ठेव, भावा.”

सगळे घरी आले. वहिनी दारातच उभी होती. टेम्पो दुपारी यायचा होता. घोडी तिने आधीच बाहेर काढून ठेवली होती आणि कोपरा शेणाने सारवावा तसा स्वच्छ पुसला होता.

“ठरलं?” तिने विचारले.

“ठरलं,” मेंटेनन्सवाला म्हणाला. “यांचीच. स्वतः केलेली.”

दादाने ती बंदूक मालकांच्या हातात दिली. “तुम्ही न्या. पोपटांना होईल. उजवीकडे वीतभर धरायचं.”

“मला?” मालक बंदुकीकडे आणि मग दादाकडे बघू लागले. “अवं, चालती हाय की ही!”

“म्हणून तर.”

“व्हय, पर तुमी केलेली हाय.”

“मीच केली ना. तिच्यात काय आहे ते सगळं मला माहीत आहे. आता तिच्याकडे बघून करू काय?”

देशी बंदूक त्याने लातूरकराच्या काखेत दिली. स्प्रिंग त्याने मोडली होती, तर बाकीचाही सांभाळ त्यानेच करावा, एवढा न्याय त्यात होता. लातूरकराने तो तक्रार न करता स्वीकारला. उरली ती जर्मन, नळी खाली लोंबत असलेली, जळक्या तेलाच्या वासाची. ती दादाने दोन्ही हातांनी उचलली.

“ही?” वहिनी म्हणाली. “भावजी, तुम्ही तरी सांगा. ही फुटलीय ना?”

मी सांगितले की फुटली.

“मग चालत नाही?”

“नाही,” दादा म्हणाला.

“चालेल कधी?”

“आत काय काय आहे तेच अजून कळलेलं नाही,” दादा म्हणाला. हे तो ज्या सुरात म्हणाला तो त्याने पगारवाढीच्या बातमीलाही वापरला नव्हता.

वहिनीने पदराने नाक धरले. तिला कोपरा हवा होता, तो मिळाला होता. बंदूक कुठली, हा तिचा मुद्दा कधीच नव्हता. “टांगा भिंतीला,” ती म्हणाली. दादाने लगेच दोन खिळे ठोकले. दुपारी मशीन आले आणि त्यांच्याखाली नीट बसले. संध्याकाळपर्यंत चाळीतल्या दोन बायका मापे देऊन गेल्या.

तहाची अट बंदूक टांगण्याची होती. पण टांगायची तर बंदूक जोडलेली असावी लागते. रात्री जेवणाआधी ती खाटेवर माझ्या दैनिकाच्या अंकावर सुटी झाली. पुढच्या गुरुवारी आणखी सुटी झाली. महिन्यानंतर तिच्या भागांना एक ताट लागत असे, पावसाळा संपेपर्यंत दोन. शेजारी येत, वाकून बघत, मत देत. दादा कोणालाही हात लावू देत नसे. खिळे रिकामेच राहिले. मग वहिनीने एकाला कात्री अडकवली आणि दुसऱ्याला मापाची टेप.