रामकिसनने पाजलेला चहा

रामकिसनचा कुणी अपमान केला, की तो त्या माणसाला चहा पाजायचा. मी जालन्याच्या कॉलेजात नवा होतो, तेव्हा मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे! वसतिगृहात आम्ही एकाच खोलीत राहायचो. तो टेंभुर्णीचा, माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे. मी अंबडकडच्या खेड्यातला, आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. एकदा धीर करून मी विचारलं, "भाऊ, तो तुम्हाला एवढं बोलला, आन् तुम्ही त्याला चहा पाजू राह्यले?"

"उपाशी माणसाचा सूड घेऊ न्हाई," तो म्हणाला. "आन् चहा पाजला की त्याचं तोंड बराबर ध्यानात राह्यतं."

त्याचा सूड मी पहिल्यांदा पाहिला तो एसटीत. रामकिसनच्या क्लॅरिनेटच्या पेटीने वाट अडते म्हणून एका कंडक्टरने त्याला भर उन्हात फाट्यावर उतरवलं होतं. त्या कंडक्टरला त्याने अर्थातच पुढे गाठून चहा पाजला. मग काही महिन्यांनी तोच कंडक्टर अंबडच्या स्टँडवर खाली उतरून चहा घेत होता आणि आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. रामकिसनने तोंडाने 'टिंग टिंग' असा आवाज काढला. इतका हुबेहूब, की ड्रायव्हरने गाडी काढली. कंडक्टर हातात ग्लास घेऊन मागे पळत होता. लोक हसत होते. रामकिसन मात्र हसला नाही. खिडकीतून बघत म्हणाला, "पळू दे. म्या बी त्या फाट्यावरून पायीच आल्तो."

क्लॅरिनेट त्याच्या वडिलांचं. टेंभुर्णीत त्यांचा छोटा बँड होता. लग्नसराईत बँड, एरवी शेती. रामकिसन सुट्टीत गावी गेला की वडिलांबरोबर वाजवायचा आणि कॉलेज सुरू झालं की पेटी इकडे घेऊन यायचा.

त्या वर्षी टॉकीजला एक इंग्रजी सिनेमा हिंदीत होऊन आला. त्याचं खरं नाव आमच्यात कुणी घेतच नव्हतं. नायक पाठीला झगा बांधून उडायचा म्हणून सगळे त्याला 'झग्यावाला' म्हणत. त्याच्या संगीताला परदेशात मोठं पारितोषिक मिळालं होतं आणि ते रास्त होतं की नाही यावर जुन्या जालन्यातल्या इक्बालभाईंच्या कॅसेटच्या दुकानात रोज वाद व्हायचा. मला संगीतातलं काही कळत नाही, म्हणून मी नुसता ऐकत उभा राहायचो.

रामकिसन त्या संगीताच्या बाजूचा. "झगा नकली, इमारती पुठ्ठ्याच्या, त्याला जिला लटकवलंय ती तार बी दिसती," तो म्हणायचा. "मंग आपल्या अंगावर काटा कशानं येतो? फकस्त वाजवलेल्यानं. तो उडायच्या आधी संगीत उडतं."

विरुद्ध बाजूला विनय. त्याच्या घरचं बाजारपेठेत कापडाचं मोठं दुकान, स्वतः हार्मोनियमच्या परीक्षा दिलेल्या. "दोन-तीन सुरांची धून," तो म्हणायचा. "बाकीचे सूर काय पारितोषिक आणायला गेले होते?"

"अवॉर्ड मिला मतलब कुछ तो होगा, शेठ," इक्बालभाई म्हणायचे.

"जत्रेत तर भोपळ्याला पण मिळतं, इक्बालभाई."

असा वाद. त्यात विष नव्हतं. पण एका दिवशी विनय इरेला पेटला. म्हणाला, "रामकिसन, हे संगीत नाही, हा गोंगाट आहे. तुझ्या बापाला दे वाजवायला. पिपाणी फुंकायला कुठे डोकं लागतं?"

रामकिसनचे वडील दाराशीच उभे होते. मुलासाठी भाकरीचं गाठोडं घेऊन गावाहून आले होते आणि त्याला शोधत दुकानापर्यंत पोचले होते. विनयने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. ते पुढे आले, हसले आणि हात जोडून म्हणाले, "बराबर बोलले मालक. आम्ही आडाणी लोक."

विनयचं तोंड उतरलं, पण माफीचा शब्द काही त्याच्याकडून निघाला नाही. रामकिसनने समोरच्या हॉटेलात हाक दिली, "एक चहा, विनयशेठला!"

संध्याकाळी खोलीवर वडिलांनी क्लॅरिनेट काढलं आणि दुकानात कानावर पडलेली ती धून वाजवून पाहिली. "चांगली हाय रे," ते म्हणाले. रामकिसन खाली बघत राहिला. वडील गेल्यावर मला म्हणाला, "बोलणं मी ईसरलो असतो. बापानं हात जोडले, ते न्हाई ईसरणार. त्यांच्या घरातल्या कुणीतरी तसेच हात जोडले पाह्यजेत."

तो बी.ए. झाला. नोकरीचं बोलणं चाललं होतं, पण पुढच्याच वर्षी वडील वारले आणि त्याने बँड हातात घेतला. मी म्हटलं, "भाऊ, शिकून पुन्हा हेच?" तो म्हणाला, "नोकरी कुठं बी करता येती. सूड इथंच घेता येतो." त्याने बँड असा वाढवला, की जालन्यातले मोठे लोकही टेंभुर्णीचा बँड मागू लागले. आणि एका लग्नसराईत विनयच्या काकांनी विनयच्याच लग्नाला तो ठरवला.

लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. मारुती येईपर्यंत नवरदेवाने घोड्यावरून उतरायचं नसतं. रामकिसनला हवं होतं ते हेच. नवरदेव घोड्यावर चढला आणि बँडने झग्यावाल्याची धून धरली. संपली की पुन्हा तीच. कुणी गाण्याची फर्माईश केली, की रामकिसन मान डोलावून तीच पुन्हा वाजवायचा. त्याचा बेत साधा होता. लोक कंटाळतील, घोड्यावर अडकलेला विनय चिडेल, शेवटी काका येऊन हात जोडतील, 'बाबा रे, बंद कर.'

झालं भलतंच. पोरं नाचू लागली. मग बायका. मग खुद्द काका, उपरण्याचा झगा करून, दोन्ही हात पसरून. मी बँडच्या बाजूने चालत होतो. माझ्याकडे बघून रामकिसन दात खात म्हणाला, "हे नाचू राह्यले रे!"

मारुतीपाशी घोडा थांबला. विनय खाली वाकला. मला वाटलं, आता माफी मागतो. तो म्हणाला, "रामकिसन, धून वर चढते तिथे कोमल निषाद आहे. तू शुद्ध लावतोस. सबंध रस्ताभर चुकत आलास."

म्हणजे ज्याला तो गोंगाट म्हणायचा, त्याचा सूर न् सूर त्याला पाठ होता.

रामकिसनच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. मग त्याने ओरडून चहा मागवला. नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला सारून घोड्यावर बसूनच तो घेतला. इक्बालभाई वऱ्हाडात होते. म्हणाले, "पी लो दूल्हेराजा, ये चाय महंगी पड़ेगी."

परत येताना मी विचारलं, "भाऊ, सूर खरंच चुकला का?"

"चुकला. बापानं त्या दिवशी खोलीवर असाच लावल्ता." त्याने क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं. "आता हाच लावणार. त्या विनयच्या कानाला बापाचाच सूर बराबर वाटस्तोवर वाजवणार."

विनयचं दुकान मारुतीच्या वाटेवर. प्रत्येक परण्या त्याच्या दारावरून जाणार. रामकिसनने ती धून कधी सोडली नाही. त्याच्या हाताखाली शिकून जे वाजवणारे अंबड, जाफराबादकडे गेले, त्यांनाही त्याने ती तशीच शिकवली. कुणी कोमल लावला, तर हातातली काठी बसायची. लग्नसराईत मी कधी त्या बाजूला गेलो की विनयशेठ दुकानाच्या पायरीवर दिसायचे. धून वर चढू लागली की ते डोळे मिटायचे आणि दाढ दुखल्यासारखं तोंड करायचे. समोरून जाताना रामकिसन तेवढा एक सूर जरा लांबवायचा.

पुढे काही वर्षांनी कावीळ झाली आणि रामकिसन गेला. जाण्याआधी मी भेटायला गेलो तेव्हा त्याचे डोळे पिवळेजर्द होते. म्हणाला, "अजून हात न्हाई जोडले त्यानं." असा डूख धरून माणसाने जावं, हे मला बरं वाटलं नाही. पण तसं म्हणायचा धीर झाला नाही.

त्यानंतरच्या लग्नसराईत बहिणीच्या लग्नाचे कपडे घ्यायला मी विनयशेठच्या दुकानात बसलो होतो. बाहेरून परण्या आला. बँड परगावचा होता, चकचकीत गणवेशाचा. नेमकी झग्यावाल्याचीच धून चालू होती. विनयशेठ सवयीने उठून पायरीवर गेले. धून वर चढली आणि क्लॅरिनेटवाल्याने अगदी बरोबर, कोमल सूर लावला.

विनयशेठनी खाडकन डोळे उघडले.

"चुकला," ते म्हणाले.

ते परण्या दूर जाईपर्यंत बघत राहिले. मग आत वळून नोकराला म्हणाले, "मारुतीपाशी जा. त्या क्लॅरिनेटवाल्याला आपल्या दुकानाचा चहा पाज."