बर्फाच्या अक्षरांचं कार्ड

अकोल्यात बर्फ पडत नाही. हे सांगायची वेळ माझ्यावर दर जानेवारीत येते आणि दर जानेवारीत मला तितकाच राग येतो.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचं दुकान आहे. नवऱ्याने थाटलं, तो गेल्यापासून चार वर्षं मी चालवते. संक्रांत आली की कॉलनीतल्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाची कार्डं मीच करते. मला मात्र त्यातलं एकही मिळत नाही. विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, तिनं केलेलं कार्ड तेवढं चालतं. यंदा मंडळाच्या अध्यक्ष काकूंनी दिवाळीनंतरच्या बैठकीत माझ्यासमोर सांगितलं होतं, "आता जमाना बदलला. यंदा सगळ्याइले बलावू." मी ते धरून बसले. मला त्या कार्डावर माझं नाव हवं होतं, त्यात लाजायचं काय?

म्हणून यंदा जीव ओतून फॉन्ट निवडले. मथळ्याला जाड, गोलसर, तिळाच्या लाडवासारखा. खाली पत्ता-वेळेला बारीक आणि सरळ. नवरा म्हणायचा, एक फॉन्ट नटलेला असला की दुसऱ्यानं गप्प बसावं. दोन नटलेले शेजारी बसवले की वाचणाऱ्याचं डोकं उठतं. आमच्याकडची थंडी कोरडी, टाचांना भेगा पाडणारी. ती मी मोकळ्या जागेतून आणि कडेच्या बारीक रेघांतून आणली होती. माझ्या मते ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम होतं.

काकू आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हे कायचं व? थंडी तं कुठीच दिसून नाही राहिली."

"कशी पाहिजे मग?"

"अक्षराईवर बर्फ पडलेला पाहिजे. पोरीनं मोबाईलवर दाखवलं मले."

त्यांनी मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. इंग्रजी अक्षरं होती, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी टोपी, खाली लोंबणारी टोकं.

"काकू, उन्हाळ्यात आपल्या गावाचं नाव रोज बातम्यांत असते. अन् तुमाले बर्फ?"

"तुले काय करा लागते? कार्ड तुह्यं हाये का मंडळाचं?"

इंग्रजी अक्षरं सुटी असतात, ज्याचा बर्फ त्याच्यापुरता. आपल्याकडे सगळा शब्द एकाच शिरोरेघेला लटकलेला. तिच्यावर बर्फ रचला की तो सलग पसरतो, वेलांट्या आणि मात्रा त्यात बुडतात, आणि दिसायला दिसतो पिंजलेला कापूस. हे मी नीट समजावून सांगितलं. काकू मोबाईलवर बोट फिरवत राहिल्या. दोन तास बसून मी एकेक वेलांटी बर्फातून वर काढली. तेवढ्यावर भागलं नाही. त्यांना पत्त्यावरही बर्फ हवा होता, पाहुणींच्या नावांवरही.

"मथळ्याला बर्फ, नावांना थोडा. पत्ता साधाच राहील. नसेल पटत तर दुसरीकडे करून घ्या."

त्यांनी तोंड वाकडं केलं, पण तयार झाल्या. पाहुणीचं नाव कार्डावर छापायची टूमही त्यांचीच. नावाची ओळ कशी दिसते ते पाहायला मी माझं नाव टाकलं, पुढे 'सौ.' लावून. ती या दुकानाची सवय आहे. नवीन फॉन्ट आला की नवरा आधी तेच टाइप करायचा. माझ्या नावात वर वेलांटी आहे, खाली उकार आहे, त्यामुळे फॉन्टची लबाडी लगेच कळते. माझी बोटंही आता आपोआप तेच टाइप करतात.

काकू स्क्रीनकडे पाहत होत्या. "हे काढ आधी."

"नमुना आहे, काकू."

"नमुना असो का काही असो. तू सौ. कुठची आता? सणासुदीचं कावून असं करतं?"

मी काढलं. त्यांनी पर्समधून नावांची यादी काढून टेबलावर ठेवली. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर. मागच्या गल्लीत परवा राहायला आलेली बाईसुद्धा त्यात होती. मी नव्हते. त्या क्षणी मला काकूंचं, त्या मंडळाचं, त्या बर्फाचं तोंड पाहायची इच्छा उरली नाही. तरी मी सगळी कार्डं छापली, कारण हातात घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी काकू गठ्ठा न्यायला आल्या. मी एक कार्ड वेगळं ठेवलं होतं. त्यावर माझं नाव होतं, तोच बर्फ, तीच ओळ.

"सौ. काढलं," मी म्हटलं. "आता हे तुमच्या हातानं द्या मले."

दुकानात आणखी दोन बायका होत्या. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे. ते घेतलं, पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "पाहू."

मंडळाचं हळदीकुंकू रथसप्तमीला होतं. तोवर रोज दुपारी मी बरी साडी नेसून दुकानात बसले. काकू रोज समोरून गेल्या, खांद्याला तीच पर्स अडकवून.