सुकलालच्या कॅलक्युलेटरमधला आकडा

आमच्या गावात कोणाची म्हैस कधी व्याली, कोणाच्या सुनेने कोणत्या वारी माहेरची बॅग भरली, हे मला विचारा; तारीखवार सांगतो. लोक म्हणतात, आप्पा तिरडीवर झोपला तरी आधी खांदेकऱ्यांची चौकशी करेल. म्हणोत बापडे. पण सुकलालने दारू कधी सोडली हे मला सांगता येत नाही, आणि त्याचं घर माझ्यापासून तिसरं.

सुकलाल शहाद्याकडच्या एका साखर कारखान्यात लॅबला होता. उसाच्या रसाची शुद्धता काढायची, दिवसभर आकडेमोड. तिथल्या एका साहेबाने बदली होऊन जाताना आपला चपटा परदेशी कॅलक्युलेटर त्याला दिला, त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. बायको मीनाबाई त्याच्या पिण्याला कंटाळून मुलाकडे सुरतेला गेली, ती तिकडचीच झाली. त्यानंतर केव्हातरी त्याने सोडली. नवस नाही, माळ नाही, कोणापुढे शपथ नाही. पिऊन असला तरी तो मुकाट भिंतीकडेने चालायचा, न पिताही तसाच चालत राहिला. त्यामुळे गावाला कळायलाच दीड वर्ष लागलं. मी तर त्या दीड वर्षातही, काल सुकलाल कसा झोकांड्या खात आला, हे पारावर रंगवून सांगत होतो. आता काय बोलायचं!

गेल्या महिन्यात एके सकाळी तो रुमालात काहीतरी गुंडाळून आला. अंडं धरावं तसं धरलेलं.

"आप्पा, मशीन बंद पडनं."

"मंग नवं ले ना भो. बजारमा ढीग शेतस."

"यान्हामा आकडा शे."

मला वाटलं, म्हातारपणी मटका लागला की काय! मी खाट सरकवून त्याला जवळ बसवलं. तेव्हा एकेक बाहेर आलं. रोज सकाळी चहाच्या आधी तो एक दाबायचा आणि एम प्लस दाबायचा. काल प्यालो नाही, म्हणून एक. मशीन बंद केलं तरी बेरीज मेमरीत राहते. सेल काढले की पुसली जाते. म्हणून स्क्रीन पुसट झाली तरी त्याने सेल बदलले नाहीत, आणि आता तर काहीच दिसेना.

"बरं, कोनता दिनपाईन सोडी ते सांग. कॅलेंडर देखीसन मोजी टाकू."

"त्या दिनले मी पेयेल व्हतू. तारीख कोनले माहीत?"

मला हसू आलं. तो हसला नाही. "आकडा गया, ते मन्हं काही खरं नही, आप्पा," म्हणाला. हे सांगतानाही चेहरा असा, की भेंडी महाग झाली म्हणतोय.

मी त्याला एस.टी.ने नंदुरबारला नेलं. तिथे स्टेशनकडे दावीदचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दावीद नवापूरकडच्या डोंगरातला, हाताने देव आणि तोंडाने खवचट.

"काका, हे मशीन माझ्यापेक्षा मोठं आहे. पाया पडून उघडतो."

"सेलले हात लावू नको," सुकलाल म्हणाला.

दावीदने मागचे चार स्क्रू काढले. सेल जागेवर ठेवूनच मीटर लावून पाहिलं. सेलमध्ये धुगधुगी होती. मग त्याने काचेपाशी बोट दाखवलं. काचेला चिकटलेली कागदासारखी पट्टी एका कडेने सुटली होती. त्याने तिच्यावर कागद ठेवला आणि त्यावरून कोमट इस्त्रीसारखं हत्यार हळूहळू फिरवलं. स्क्रीनवर काळपट शून्य उगवलं. कोपऱ्यात बारीक एम.

"एम आहे. म्हणजे आत आहे," दावीद म्हणाला. मेमरीचं बटण सुकलालने स्वतः दाबलं.

२६१६.

मी जोरात मोजायला लागलो, सात वर्षं आणि वर किती... दावीदने मला गप्प केलं. "आप्पा, थांबा. त्या पहिल्या सहाच्या घरात वरची उजवी काडी पेटत नाहीये बहुतेक." त्याने आठाचं बटण आठ वेळा दाबलं. सात घरांत आठ आले, त्या घरात सहा.

म्हणजे आकडा २६१६ असेल, नाहीतर २८१६.

"मेमरी परत आणा आणि दहाने गुणा," दावीद म्हणाला, "आकडा एक घर सरकेल, मग खरं काय ते दिसेल." सुकलाल लॅबचाच माणूस, त्याला लगेच कळलं. त्याने मेमरी दाबली, गुणिले दाबलं, एक दाबला. स्क्रीन गेली.

दावीदने पट्टी दाबली, फुंकर मारली, पुन्हा मीटर लावलं. सेल संपले होते. बाहेर मिरचीची गाडी गेली, मी शिंकलो.

नवे सेल पडले, ती काडीही दुरुस्त झाली, सगळी बटणं चालू. शून्य लख्ख. एम नाही.

"काका, कोणता टाकू?"

"अठ्ठावीसवाला टाक," मीच म्हणालो. "कोन देखाले येस? मी साक्ष देस." माझी साक्ष! दीड वर्ष त्याला झोकांड्या खायला लावणाऱ्याची.

सुकलालने मशीन आपल्याकडे ओढलं. दोन, सहा, एक, सहा. एम प्लस. कोपऱ्यात एम आला.

"अरे येड्या! त्या दोनशे दिनबी तूच काढेल व्हतीन तर?"

"व्हतीन," तो म्हणाला. "परत काढसू."

"वाईट नही वाटत?"

त्याने खरंच आत पाहून आल्यासारखं सांगितलं, "नही."

मग त्याने मशीन रुमालात गुंडाळलं आणि घराकडे जाणारी शहाद्याची गाडी किती वाजता आहे ते दावीदला विचारलं.