माकडहाड आणि सोयरीक

गुडघा दुखला तर माणसं तेल आणून देतात, दात दुखला तर लवंग. माकडहाड दुखतं म्हणा, की अख्खं अहेरी तोंडावर गमछा धरून हसतं! हा कुठला न्याय?

माझं दुखणं एटापल्लीच्या रस्त्यानं दिलेलं. तिथल्या खड्ड्यात माझी मोटारसायकल नाश्त्याच्या वेळी उतरली. वर आली तेव्हा गावाची जेवणं आटोपली होती. तेव्हापासून चार महिने, टेकलो की विंचू चावतो. एकानं बिबा सुचवला. दुसरा म्हणाला, "हाडच काढून टाक, तुले काय शेपूट हालवायची हाये?" शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की ऑपरेशन बहुधा लागतच नाही. हाड टेकू नये म्हणून मागून खाच कापलेली बसायची गादी घ्या, पुढं झुकून बसा, अर्ध्या तासानं उठा, शेका, गुडघे हळूहळू छातीशी ओढा, आणि धीर धरा. त्या गादीनं मला माणसात आणलं.

नेमकी तीच गादी बायकोनं पोराच्या सोयरिकीला नेऊ दिली नाही! "लोकं काय म्हणतीन? नवरदेवाचा बाप बिछाना घेऊन आला?"

मुलचेऱ्याजवळच्या त्या घरी पोरापोरीची पसंती झाली. फक्त मी बसायचा बाकी. आमच्याकडे सोयरिकीचा पाहुणा टेकला नाही, तर घर नापसंत. मी उभ्यानं पोहे खाल्ले, उभ्यानं चहा प्यालो, मागच्या वर्षीचं कॅलेंडर तीनदा वाचलं. पोराचा चेहरा उतरत चालला.

"बसा न, भाऊ," मुलीचा बाप ताठरला. "काऊन, आमची खाट पसंत नाई का?"

"माकडहाड दुखते माह्यं!" मी ओरडलोच.

सगळे हसले. हसणारच! फक्त मुलीची आई आत गेली. हंड्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ आणली, एका बाजूनं उकलली, खाटेवर मांडली.

"उकललेली बाजू मागं ठेवा, भाऊ. ही पोरगी झाल्यावर दोन वर्ष मी अशीच बसली."

"कोणत्या डॉक्टरनं सांगितलं, बाई?"

"कोण सांगते? मले तं कोणी विचारलं बी नाई."

हसू थांबलं. मुलीचा बाप चुंबळीकडे पाहत राहिला. मी बसलो. सोयरीक जमली.

परतताना जीपमध्ये मी बायकोला विचारलं, "तुह्यं बी दुखलं होतं का कधी?"



"आता विचारता?"