ओक्बुनचं नाव दगडावर

सासूबाईंच्या श्राद्धाला दोल्ये म्हातारीने मुळ्याचा रस्सा उकळला आणि पळी हातात धरून चुलीपाशी ठाण मांडलं. ओसरीवर धाकटे दीर गिह्वान कबरीच्या नव्या दगडावर कोरायचा मजकूर कागदावरून वाचत होते. सासऱ्यांचं नाव होतं आणि त्याखाली नुसतं ‘पत्नी, किम घराण्यातली’.

“भावजी, सासूबाईंचं नाव कुठंय?”

“वहिनी, बायकांचं नाव कोरत नाहीत. आपली पद्धत आहे.”

“रस्सा थोरल्या सुनेने वाढायचा, हीपण पद्धतच. आज पळी हलायची नाही.”

रश्श्याचा वाडगा मांडल्याशिवाय श्राद्ध सुरू होईना. पुरुषमंडळी टोप्या घालून ताटकळली.

“म्हातारपणी चळ लागलाय तुम्हाला! बरं, काय कोरायचं ते सांगा.”

“तुम्हीच सांगा की. आई तुमची ना?”

दीर दाढी कुरवाळत बसले. त्यांनी जन्मभर ‘आई’ म्हटलं, गावाने माहेरच्या गावावरून ‘ओन्यांगवाली’. कोरियातल्या लढाईत पळताना तिने याच गिह्वानला पाठुंगळी मारून डोंगर ओलांडला होता, पण तिचं नाव कुणी कधी विचारलंच नाही. ती अंथरुणाला खिळल्यावर दोल्ये तिला न्हाऊ घालायची, तेव्हा एकदा सासू आपणहून लाजत म्हणाली होती, “माझं नाव ओक्बुन गं.”

“किम ओक्बुन,” दोल्येने ठणकावलं. “सासऱ्यांच्या नावाएवढ्याच अक्षरांत.”

दिरांनी पेन्सिल घेऊन मजकुरात नाव लिहिलं. दोल्येला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने नातीकडून ते मोठ्याने वाचून घेतलं. मगच पळी रश्श्यात बुडाली.

“या, ओक्बुनबाई,” ती पहिला वाडगा भरत म्हणाली, “निवायच्या आत जेवून घ्या.”