छोट्या ट्रॅकवरची चुरस

जयप्रकाश गुर्जर मूळचे नाशिकचे, कुवेतला रिफायनरीत इंजिनियर. उघड्या चाकांच्या रेसिंग गाड्यांचं त्यांना भारी वेड. त्यातही छोट्या अंडाकृती ट्रॅकवरच खरी चुरस होते, हे ते तिथल्या एगैला भागातल्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पटवून द्यायचे. पाहुणा मग पुन्हा यायला जरा वेळ लावायचा.

२००३ मधल्या एका शुक्रवारी सकाळी त्यांनी मित्राला, अशरफला, टीव्हीवर शर्यत बघायला बोलावलं. अशरफ रत्नागिरीचा, कुवेतमधल्याच अम्गरात त्याचं गॅरेज. गाड्या सुटल्या आणि एकामागोमाग एक गोल फिरत राहिल्या.

"ही शर्यत की वरात?" अशरफनं विचारलं.

"पुढच्या गाडीमुळे हवा ढवळते रे. मागच्या गाडीची वळणावर पकड सुटते."

"म्हणजे चुरस होत नाही?"

"होते! जरा धीर धर."

धीर धरता धरता अशरफ पेंगायला लागला. त्याला जागं ठेवायला जयप्रकाश स्वतः चहा करायला उठले. ते साखर शोधत होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बायकोची किंकाळी आली. ते धावले.

"अहो, तिघं एकदम वळणात शिरले!" सुचित्रा सोफ्यावर उभी होती. "चाकाला चाक लागणार, तोच मधला निसटला की पुढे!"

टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या.

त्यानंतर सुचित्रानं एकही शर्यत चुकवली नाही. पाहुण्यांशी भांडायला जयप्रकाशांना हक्काची जोडीदार मिळाली. फक्त तो प्रसंग सांगायचा मान तिचा असे, आणि दर वेळी त्यात एक गाडी वाढे.